टमाटर मोठे काहून होत नाहीत?

"काकू, माह्या झाडाले फुलं तं लय येतात, पण टमाटर काही मोठे होत नाहीत. काहून?" दिवाळीनंतर सांदवाडीच्या, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीच्या, कुडापलीकडून हा प्रश्न दरवर्षी येतो. रोपं मीच वाटलेली असतात, त्यामुळे विचारणाऱ्या बाया माझ्याचकडे येतात. तुम्हीही तेच विचारलंत. मी आधी उलट विचारते, फूल कधी उमललं होतं?

ते बहुतेकींना सांगता येत नाही. फूल उमलल्यापासून टमाटर लाल व्हायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. रोज सकाळी झाडापाशी उभं राहून पाहिलं तर पंधरा दिवसही फार वाटतात. म्हणून पहिला घोस फुलला की मी त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी सैल बांधते आणि कॅलेंडरवर खूण करते. चिंधी बांधून महिना झाला नसेल आणि पानं निरोगी असतील, तर झाडाला काही म्हणजे काही करू नका. घाईत टाकलेल्या खतानं जितकी झाडं बिघडलेली पाहिली, तितकी उपाशी राहून बिघडलेली मी पाहिली नाहीत.

माझ्या शेजारच्या जाऊबाईंनी कपाशीचा उरलेला युरिया मूठमूठ टाकला होता. झाडं छातीएवढी झाली, खोड अंगठ्यासारखं, पानं काळपट हिरवी. पण फूल येई आणि गळे. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं, फळाकडे त्याचं लक्ष राहत नाही. त्यांना मी युरिया बंद करायला सांगितलं, बाकी काही नाही. पुढचे घोस धरले. सगळ्या जणी चुलीतली राख टाका म्हणतात. राखेत पालाश (पोटॅश) असतं हे खरं, पण तिच्यात चुनाही असतो, आणि आपली काळी जमीन आधीच चुनखडीची. मी वर्षातून चिमूटभर टाकते, घमेलंभर कधीच नाही. कुजलेलं शेणखत मात्र लावणीच्या वेळी भरपूर.

फळ बोराएवढं होऊन तिथेच थांबलं, तर कारण बहुतेक फुलात असतं. टमाटरच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण परागकण आतल्या पिवळ्या नळीत भरलेले असतात. फूल हललं की ते खाली सांडतात. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो तेव्हा नेमकं हेच होतं. पराग कमी पडले तर बिया कमी धरतात, आणि फळ फुगतं ते बियांच्या जिवावर. चारही बाजूंनी भिंती असलेल्या अंगणात वारा पोचत नाही, भुंगेही क्वचित येतात. दव सुकल्यावर, दहाच्या सुमारास, ज्या तुराटीला झाड बांधलंय तिला दोन टिचक्या मारा. मी रोज मारते. रात्री १० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत मात्र परागच नीट तयार होत नाहीत, तेव्हा टिचकीचाही उपयोग नाही, वाट पाहायची.

पाण्याचं थोडक्यात: बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात. झाड कडुनिंबाच्या सावलीत असेल तर जागाच चुकली, त्याला निदान सहा तास ऊन हवं.

आता मोठं झालेलं पण हिरवंच राहिलेलं फळ. एक तोडून धारदार सुरीनं आडवं कापा. बिया कापल्या गेल्या तर ते कच्चं आहे. बियांभोवती बुळबुळीत गर असेल आणि त्या सुरीखालून बाजूला सरकत असतील, तर फळ तयार आहे, फक्त ऊब कमी पडतेय. लाल रंग २० ते २५ अंशांत चांगला चढतो. बुडाशी गुलाबी झाक दिसली की मी तोडते आणि टोपलीत कुटारावर (वाळल्या भुशावर), पिकल्या केळ्याशेजारी ठेवते. चवीत फारसा फरक पडत नाही. ऊन लागावं म्हणून पानं खुडू नका. फळाला पिकायला ऊब लागते, ऊन नव्हे, आणि त्याचं पोट ही पानंच भरतात. एप्रिलात उलटं होतं. पारा ३० च्या वर राहिला की लाल रंग तयार होत नाही, फळ पिवळट नारिंगी राहतं. तेव्हाही तोडून घरात, माठाजवळच्या गारव्यात ठेवावं.

एका झाडाची मात्र वाट पाहू नका. ज्याची पानं वरच्या बाजूला वळून लहान, पिवळसर झालीत आणि शेंडा आखडलाय, त्याला पांढऱ्या माशीनं विषाणू दिलेला असतो. शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, वाळू लागल्या की ही माशी सांदवाडीत येते. औषधानं ते झाड सुधारत नाही. फुलं लागलेलं झाड उपटताना माझाही हात अडतो, पण शेजारच्या चार झाडांसाठी मी ते त्याच दिवशी उपटून जाळते.