चिटणीसबाई

गेल्या महिन्यात मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले. निवडून वगैरे नाही हो. कमिटीच्या पहिल्या बैठकीत "सेक्रेटरी कोण?" म्हटल्यावर सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी चहाचे कप उचलायला उभी राहिले होते, तेवढं पुरलं.

मुलुंडची 28 फ्लॅटची सोसायटी. चेअरमन सही करतात आणि 15 ऑगस्टला झेंडा फडकवतात. लिफ्ट, टाकी, वॉचमनची सुट्टी, दुसऱ्या मजल्यावरचं लीकेज हे सगळं माझं. शिवाय एक गोदरेजचं कपाट आणि त्याची किल्ली.

दादरच्या मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, मी 31 वर्षं सेक्रेटरी होते. मला नाही कुणी कधी खुर्चीवर बसवून पेढा दिला." खरंच की. मावशी फोर्टमधल्या एका कंपनीत साहेबांची सेक्रेटरी होती. 8.42 ची लोकल, टाइपरायटर, साहेबांची पत्रं. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मंत्रालयात मुख्य सचिव बसतात, ज्यांच्या दारात आयएएस अधिकारी ताटकळतात. इंग्रजीत त्यांनाही सेक्रेटरीच म्हणायचं. हे काय गौडबंगाल आहे म्हणून मी जरा खोदायला बसले.

शब्दाच्या पोटात सरळसरळ 'सीक्रेट' आहे. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं, दिसलं नव्हतं. लॅटिन 'सेक्रेटम' म्हणजे बाजूला काढून ठेवलेलं, गुपित. त्याच्याही मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ चाळणं, निवडून वेगळं करणं. म्हणजे सेक्रेटरी हा मुळात गुपितं सांभाळणारा माणूस. राजाची गुपितं असायची पत्रांत, म्हणून तो पत्रं लिहू लागला, आणि पत्रं लिहिणाऱ्याला सगळंच कळत असल्यामुळे हळूहळू तोच भारी झाला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचा सेक्रेटरी वॉल्सिंगहॅम हेरांचं जाळं चालवायचा. 1586 मध्ये स्कॉटलंडच्या मेरीची सांकेतिक पत्रं त्याच्या माणसांनी फोडली आणि पुढच्या वर्षी तिचं डोकं उडवलं गेलं. स्टालिन 1922 मध्ये पक्षाचा जनरल सेक्रेटरी झाला तेव्हा ते कागद सरकवण्याचं कंटाळवाणं काम समजलं जायचं. सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातल्यासारखंच म्हणा ना.

आपल्याकडे गुपिताऐवजी लेखणी पुढे आली. चिटणीस म्हणजे चिठ्ठीनवीस. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, आपल्या आडनावांत अख्खं दप्तर बसलंय. अष्टप्रधानांतला सचिव म्हणजे आधीचा सुरनीस. सरकारी पत्रं तपासणं हे त्याचं काम. मंत्रालयाचंही जुनं नाव सचिवालय. पुढे ते बदललं, पण माझे सासरे शेवटपर्यंत सचिवालयच म्हणत. सेक्रेटरीला आम्ही शाळेत 'चिटणीस' लिहायचो, गणेशोत्सव मंडळाच्या पावतीवर 'कार्यवाह' असतं आणि जिन्यात मला हाक येते ती "ओ सेक्रेटरीऽऽ" अशी.

रविवारी मावशीकडे गेले. तिनं माळ्यावरून एक वही काढून दिली. पिटमनचं शॉर्टहँड. पानंच्या पानं नुसत्या रेघा, आकडे, ठिपके. हलकी रेघ म्हणजे 'प', तीच दाबून काढली की 'ब'. बायका लोकलमध्ये विचारायच्या म्हणे, यंदा बोनस किती? मावशीला आठवडाभर आधी माहीत असायचं. पत्र तिनंच टाइप केलेलं. "मग काय सांगायचीस?" "काय सांगणार? गाजर सोलत बसायचे." साहेबांची सहीसुद्धा कितीदा तिला हुबेहूब जमायची, हे मात्र तिनं गाजराच्या हलव्यानंतर सांगितलं.

आमच्या कपाटात वॉल्सिंगहॅमच्या तोडीचं काही नाही. मेंबरांचं रजिस्टर, शेअर सर्टिफिकेटच्या प्रती, कुणाचा मेंटेनन्स किती महिने थकलाय त्याची यादी, आणि नॉमिनेशनचे फॉर्म. परवा वरच्या मजल्यावरचे एक आजोबा भरदुपारी आले. फॉर्म तीन प्रतींत भरून आणला होता. आधीचं नाव बदलून मुलाऐवजी मुलीचं घातलेलं. मी पोच लिहून दिली. ती त्यांनी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि पाणीही न पिता गेले.

संध्याकाळी लिफ्टमध्ये त्यांचा मुलगा भेटला. "बाबा आले होते का हो तुमच्याकडे?"

"हो, लीकेजचं विचारायला," मी म्हटलं. तो आठव्याला उतरायचा होता. मी पाचव्यालाच उतरले, माझं घर तिसऱ्यावर असून.