तुम्ही विचारलंत म्हणून: घानाचे पुढे आणि बेलीझचे मागे कसे?

हा प्रश्न माझ्याच एका लेखामुळे सुरू झाला, हे आधी कबूल करते. मी २०१३ पासून दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल, शनिवारी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात बसून कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देते. तिथल्या अनुभवावर २०१५ साली इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहिलं. त्यातलं एक वाक्य तुम्ही मला अजून ऐकवता: "घानाच्या माणसाला शिक्षणाची ओढ आहे, अगदी आपल्यासारखी; बेलीझचा माणूस आजच्या दिवसापुरतं बघतो." आणि मग विचारता, दोघंही काळे, दोघांच्या देशांवर इंग्रजांचं राज्य होतं, दोघांनाही इंग्रजी येतं, मग एवढा फरक का पडतो? कुणी गणपतीच्या आरतीनंतर विचारतं, कुणी पुण्याहून फोनवर. विचारताना उत्तर तुमच्याकडे तयार असतं, मी फक्त मान डोलवायची असते.

ते वाक्य मी मागे घेते. का, ते एकदा नीट सांगू द्या.

बेलीझ म्हणजे मध्य अमेरिकेतला, चार लाखांच्या आसपास वस्तीचा देश. आपलं कोल्हापूर शहर त्याहून मोठं आहे. घानाची लोकसंख्या तीन कोटींच्या वर. बेलीझची माणसं अमेरिकेत यायला लागली ती मुख्यतः ३१ ऑक्टोबर १९६१ च्या हॅटी वादळानंतर. त्या वादळात समुद्र बेलीझ सिटीत शिरला आणि शहर असं मोडलं की पुढे १९७० मध्ये राजधानीच आत बेल्मोपानला हलवावी लागली. तेव्हा देश स्वतंत्रही नव्हता. स्वातंत्र्य मिळालं २१ सप्टेंबर १९८१ ला. वसाहत म्हणून त्यांच्या वाट्याला येणारे अमेरिकन व्हिसे अगदी मोजके असत. म्हणून कित्येक जण पाहुण्याच्या व्हिसावर आले आणि राहिले, कित्येक मेक्सिकोतून बसने वर आले. बायका घरकामाला आणि मुलं सांभाळायला लागल्या, न्यूयॉर्कमध्ये, शिकागोत, लॉस एंजेलिसमध्ये.

घानाची गोष्ट निराळी आहे. १९५७ मध्ये स्वतंत्र झालेला देश, लेगॉनचं विद्यापीठ १९४८ चं, कुमासीचं तंत्रज्ञान विद्यापीठ १९५२ च्या सुमाराचं. बेलीझला स्वतःचं राष्ट्रीय विद्यापीठ मिळालं २००० साली. त्याआधी पदवीसाठी कित्येकांना जमैकाला जावं लागे, नाहीतर अमेरिकेला. घानाची माणसं आधी नायजेरियात जात होती. १९८३ मध्ये नायजेरियाने त्यांना लाखोंनी हाकललं, त्याच वर्षी घरी दुष्काळ पडला होता. अमेरिकेचं दार त्यांच्यासाठी नीट उघडलं ते १९९५ पासून, डायव्हर्सिटी व्हिसाच्या लॉटरीने. त्या लॉटरीला बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा कौशल्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय अटलांटिक ओलांडायचं विमानाचं तिकीट. शिकलेली, थोडीफार ऐपत असलेली माणसं येणार हे दाराच्या चौकटीतच ठरलेलं होतं. आणि आल्या दिवशी त्यांच्या हातात ग्रीन कार्ड होतं.

आपणही अशाच चाळणीतून आलो. माझा नवरा एच-१बी वर आला, मी त्याच्या मागून. इथे आलेल्या मराठी माणसांकडे बघून कुणी म्हणालं की महाराष्ट्रात प्रत्येक घरात इंजिनिअर असतो, तर आपण त्याला समजावून सांगू. घानाच्या बाबतीत आपल्याला ते समजावून घ्यायचं नसतं, कारण "शिक्षणाची ओढ" म्हटलं की आपलीही पाठ थोपटली जाते. २०१५ मध्ये मी नेमकं हेच केलं होतं.

आता ती मार्च २०१७ ची गोष्ट. ही मी कुणाला सांगितलेली नाही.

त्या शनिवारी पाऊस होता आणि तळघर गच्च भरलं होतं. माझ्यासमोर बेलीझच्या एक बाई बसल्या. तिथल्या डँग्रिगा गावच्या, गारीफुना (आफ्रिकन आणि कॅरिबियन मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्या) समाजातल्या. नुकतीच बासष्ट पूर्ण झालेली. फॉर्म साधा होता, एकच डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), वीस मिनिटांचं काम. तो झाल्यावर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद काढला. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनचा उतारा. एका बाजूला वर्षं, समोर त्या वर्षीची कमाई. पेन्शन आता घ्यावी की थांबावं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. असा सल्ला आम्ही द्यायचा नसतो, पण मी कागद हातात घेतला.

यादी १९८८ पासून सुरू होत होती. १९९१, १९९२ आणि १९९३ समोर शून्य. बाकीचे आकडे लहान, पण सलग. मी विचारलं, तुम्ही अमेरिकेत कधी आलात? त्या म्हणाल्या, १९७४. एकोणिसाव्या वर्षी.

पेन्शन काढताना सर्वांत जास्त कमाईची पस्तीस वर्षं धरतात. जेवढी कमी पडतील तिथे शून्य धरतात. मी बोटांवर हिशेब केला: सव्वीस वर्षांचे आकडे, नऊ शून्यं. आणि १९७४ ते १९८७ ही चौदा वर्षं कागदावर शून्य म्हणूनसुद्धा नव्हती. मला खरंच वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं माझ्या तोंडून असं बाहेर पडलं: "तुम्ही तेव्हाच कागदपत्रं का नाही करून घेतलीत? चौदा वर्षं काही थोडी नसतात."

त्या काही बोलल्या नाहीत. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण शेजारच्या टेबलावर घानाच्या एक बाई होत्या. दर वर्षी यायच्या, मला त्यांचं सगळं माहीत होतं. मी हाताने तिकडे दाखवलं आणि म्हणाले, "त्या बघा. २००१ मध्ये आल्या. पहिल्या महिन्यापासून सगळी नोंद आहे त्यांची."

एका माणसाची माहिती दुसऱ्यापुढे बोलायची नाही, हा तिथला पहिला नियम. तो मी मोडला. त्याहून वाईट म्हणजे बाहेर रांगेत तासभर त्या दोघी एकमेकींशी बोलत बसल्या होत्या, दोघींच्या हातात एकाच डब्यातले तळलेल्या केळ्याचे तुकडे मी आत येताना पाहिले होते.

घानाच्या बाईंनी ऐकलं. त्या वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मी काही केलं नाही. मला लॉटरी लागली. माझ्या बहिणीने त्याच टेबलावर बसून तोच अर्ज भरला होता. ती अजून कुमासीत आहे."

मग बेलीझच्या बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला. होत्या त्याच घडीवर घडी घातली, पाकिटात सरकवला. म्हणाल्या, "मी ज्या मुलांना वाढवलं त्यांना आता मुलं आहेत. नोंद का नाही केली, हे त्यांच्या आयांना विचारा." आणि उठल्या. पुढच्या वर्षी आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं, हे मी नंतर वाचलं. घरकाम करणाऱ्या माणसाचा सोशल सिक्युरिटीचा भरणा करणं ही मालकाची जबाबदारी, आणि हा कायदा १९५१ पासून आहे. १९९३ मध्ये क्लिंटननी ॲटर्नी जनरलपदासाठी निवडलेल्या झोई बेअर्ड यांना याच कारणाने माघार घ्यावी लागली: घरी कामाला कागद नसलेली माणसं ठेवली होती आणि त्यांचा भरणा केला नव्हता. बाईंच्या कागदावर त्याच वर्षासमोर शून्य आहे. त्या वर्षी त्यांच्याकडे कागदपत्रंही होती. १ जानेवारी १९८२ च्या आधी आलेल्यांना १९८६ च्या कायद्याने माफी दिली, तेव्हा त्यांनी पहिल्या संधीला ती करून घेतली होती. म्हणजे "का नाही करून घेतलीत" या माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोरच्या यादीच्या पहिल्या ओळीत, १९८८ या आकड्यात, छापलेलं होतं. मी ते वाचलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका बाईवरून सगळा समाज ठरत नाही. बरोबर. म्हणूनच जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला दत्तक घेऊन वाढवणारी आई नेली बाइल्स बेलीझहून येऊन नर्स झाली, हे उदाहरण मी तुमच्या तोंडावर फेकत नाही, एरवी ते चांगलं कामी आलं असतं. आणि घानाच्या त्या बाईही काही "पुढे" गेलेल्या नाहीत. कुमासीत शाळेत शिक्षिका होत्या. इथे म्हाताऱ्यांना अंघोळ घालण्याचं काम करतात, आठवड्याला साठ तास. तिकडच्या नोकरीची वर्षं इथे पेन्शनसाठी धरत नाहीत, कारण घानाशी तसा करार नाही (आपल्या भारताशीही नाही, हे लक्षात असू द्या). पदवीच्या रकान्यात त्या वर आहेत, पगाराच्या रकान्यात दोघी शेजारी-शेजारी. फॉर्मवर त्या एकट्या, अवलंबून कुणी नाही. प्रत्यक्षात तिकडे सहा माणसं त्यांच्यावर जगतात. बेलीझवाल्यांचंही तेच: आई कोरोझालला असेल तर ती अवलंबित धरता येत नाही, नदीपलीकडे मेक्सिकोतल्या चेतुमालला असती तर धरता आली असती. अशा कागदांवरून मी दोन समाजांना मार्क देत होते.

पण इथे माझं माझ्याशीच भांडण सुरू होतं. कारण जे दिसतं ते दिसतंच. घानावाल्यांची चर्चमधली एकी, गावागावांच्या संघटना, कुणी गेलं तर आठवड्याच्या आत उभे राहणारे पैसे. मुलगा वाईट संगतीला लागतोय असं वाटलं तर त्याला सरळ घानाच्या बोर्डिंगात पाठवतात. बेलीझच्या मुलांना लॉस एंजेलिसच्या टोळ्यांनी ओढलं, आणि इथून हद्दपार झालेल्या पोरांबरोबर त्याच टोळ्यांची नावं बेलीझ सिटीत पोहोचली. याचा काहीच संबंध नाही असं मी कसं म्हणू? संघटनेला किंमत आहेच.

मग मला माझे आजोबा आठवतात. संगमेश्वर तालुक्यातून गिरणीत आलेले. गावकऱ्यांची खोली, पाळीपाळीने झोपणं, गावच्या मंडळाची वर्गणी, दर महिन्याची मनीऑर्डर, भिशी. घानाचं सुसू आणि बेलीझचं सिंडिकेट म्हणजे आपली भिशीच. आजोबांकडे यातलं सगळं होतं. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि ती एवढी बांधलेली माणसं पाच-सात वर्षांत विस्कटली. तेव्हाही दादरच्या पलीकडे लोक म्हणतच होते की कोकणी माणूस आजच्या दिवसापुरतं बघतो. म्हणजे मी २०१५ मध्ये जे वाक्य लिहिलं ते मी घरी, आमच्याबद्दलच ऐकलेलं होतं. यावर माझं अजून ठरत नाही. कधी वाटतं, सगळं व्हिसाच्या तारखेत आहे. कधी वाटतं, असं म्हणताना मी माणसांच्या हातातलं सगळंच काढून घेते.

गेल्या वर्षी डँग्रिगाच्याच दुसऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं की माझ्या बाईंनी बासष्टाव्या वर्षीच पेन्शन सुरू केली आणि त्या घरी परत गेल्या. बेलीझचा डॉलर अमेरिकन डॉलरला दोन असा बांधलेला आहे, त्यात भागतं म्हणे. या दुसऱ्या बाईंनी मला आपल्या फोनवर १९ नोव्हेंबरचा व्हिडिओ दाखवला: पहाटे होड्यांतून किनाऱ्याला लागणारी माणसं, हातात माडाच्या झावळ्या, ढोल. गारीफुना लोक तिथे आले त्याची आठवण म्हणून दर वर्षी करतात. गर्दीत मी चेहरा शोधत राहिले. त्यांनी व्हिडिओ परत सुरू करून दिला.

एक गोष्ट राहिली. २००४ ते २००७, माझा मुलगा लहान असताना, एक बाई त्याला सांभाळायला यायच्या. दर शुक्रवारी मी त्यांना पाकिटातून रोख पैसे देत होते. रोखच द्या असं त्यांनीच सांगितलं होतं, हे खरं आहे. मी भरणा करू का असं एकदाही विचारलं नाही, हेही खरं आहे. त्या आता साठीच्या पुढे असतील. त्यांचा नंबर माझ्या जुन्या वहीत आहे, आणि मी अजून फोन केलेला नाही.