विमानात रॉकेल अन् ३५ हजार फुटांची गोष्ट

विमानात काहीतरी भारी पेट्रोल टाकतात असं आपल्याकडं बऱ्याच जणांना अजून वाटतं. पेट्रोल असतं, पण ते बहुतेक ट्रेनिंगच्या छोट्या पंख्यावाल्या विमानांत, आणि ते निळसर दिसतं. आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर जी प्रवासी जेट उतरतात त्यात एटीएफ जातं, म्हणजे रॉकेलच्याच घराण्यातलं, फक्त लई काटेकोर शुद्ध केलेलं.

रॉकेलच का, तर पेट्रोलची वाफ पटकन होते आणि ठिणगी पडली की भडका, याचं तसं नाही, साधारण ३८ डिग्रीच्या खाली हे पेट घेण्याइतकी वाफच सोडत नाही. आता आपल्याकडं मे महिन्यात पारा त्याच्याही वर, म्हणून काळजी हवीच. कधी खिडकीजवळ सीट मिळाली तर इंधन भरताना नीट बघा, टँकरवाला आधी विमानाला एक वायर जोडतो, स्टॅटिक करंटची ठिणगी उडू नये म्हणून, मग पंखाच्या खालून पाइप लावतो (इंधनाची टाकी बहुतेक पंखातच असते). काचेच्या बरणीत थोडं इंधन काढून त्यात पाणी आहे का तेही तपासतात. मला हे काम विमान उडवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण तेच पाणी वर गेल्यावर बर्फ होऊन फिल्टर तुंबवू शकतं.

वर थंडी असतेच तेवढी. हजार फूट चढलं की साधारण २ डिग्री कमी होतात, ३५-३६ हजार फुटांवर बाहेर उणे ४० ते उणे ५५. जेट ए-१ नावाचं जे इंधन आपल्याकडं वापरतात ते उणे ४७ पर्यंत गोठत नाही, तरी लांबच्या फ्लाइटला पायलट टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवून असतात आणि फारच गार व्हायला लागलं तर खाली येतात नाहीतर स्पीड वाढवतात.

मग एवढ्या थंडीत जायचंच कशाला? इंधन वाचतं म्हणून. वर हवा विरळ, खालच्या साधारण एक चतुर्थांश दाब, त्यामुळं विमानाला अडवणारी हवाच कमी. पण लई वर गेलं तर पंखांना उचलून धरायलाही हवा पुरत नाही, म्हणून लांबच्या फ्लाइटला जड विमान आधी थोडं खाली उडतं आणि इंधन जळून हलकं झालं की टप्प्याटप्प्यानं वर चढतं. मुंबईहून आपल्या संभाजीनगरला येणारं विमान मात्र तेवढं वर जातच नाही, एवढ्या जवळच्या अंतराला चढण्यातच वाचवलेलं सगळं जाईल.

उंचीचे नियमपण आहेत. उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगतं, म्हणून वर सगळे पायलट ते १०१३ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं माप) या एकाच दाबावर लावतात, म्हणजे सगळ्यांची मोजपट्टी एक. पूर्वेकडं जाणारे साधारणपणे विषम आकड्यांवर, ३३, ३५, ३७ हजार, पश्चिमेकडं जाणारे सम आकड्यांवर, मध्ये हजार फुटांचं अंतर. मोबाइलवर फ्लाइट ट्रॅकर उघडून मुंबई-हैदराबाद विमानं लातूर, धाराशिवकडून जाताना बघा, जाणारं आणि येणारं यांची उंची शेजारी ठेवली की लगेच कळतं.

आणि पायलट इंधन लिटरमध्ये नाही तर किलोत मोजतात, कारण उन्हात ते फुगतं, लिटर वाढतात पण त्यातली ताकद तेवढीच राहते. एक लिटर म्हणजे साधारण ८०० ग्रॅम.