काम दुसऱ्याकडे जाईल

"मॅडम, बँकेत पंच्याऐंशी लाख दाखवायचेत, तेवढं बसवा ना." व्हॅल्युअर्सच्या, म्हणजे घर-जमिनीची किंमत ठरवणाऱ्यांच्या, ट्रेनिंगच्या लंच ब्रेकमध्ये शेजारच्या मुलीच्या फोनवर एजंट इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं. तिच्या एका हातात पुरीभाजीची प्लेट.

सकाळीच २०१७ च्या रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स नियमांतली आचारसंहिता शिकवून झाली होती, क्लायंटच्या सोयीचा आकडा द्यायचा नाही, सक्सेस फी (काम फत्ते झालं तरच मिळणारी फी) घ्यायची नाही, सरळ लिहिलंय त्यात.

"दादा, साइट बघितल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही," म्हणून तिने फोन ठेवला. मग हळूच मला म्हणाली, "सर, आता हे काम दुसऱ्याकडे जाईल."

हे काही डोक्यातून जात नाहीये. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या, कार्पेट एरियात आतल्या भिंती धरायच्या, बाल्कनी नाही, हे सगळं आम्ही मनापासून शिकतो आणि शिकायलाच हवं, पण फुगवलेल्या किमतीवर कर्ज मिळालं, उद्या हप्ते थकले, सरफेसीखाली (बँकेला थकलेल्या कर्जासाठी तारण विकू देणारा कायदा) लिलाव लागला आणि तेवढी किंमत आलीच नाही तर कर्जाची उरलेली बाकी कर्ज घेतलेल्या कुटुंबाच्याच मानेवर बसते हो!

खरं सांगणाऱ्या पोरांचं काम जाऊ नये म्हणून आपण सिनियर मंडळी नक्की काय करतोय?