ग्वाल्हेरची थंड हवा, नोंद चौथी: वाऱ्याची दिशा धरली आणि गणित जुळलं

हिशोबाने रात्रीच्या गार हवेचा थर शांत राहायला हवा, तरी पहाटे तो घुसळतो कसा? मागच्या नोंदीत जिथे अडले होते, ते हे कोडं या आठवड्यात सुटलं.

आधी थोडक्यात मागचं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, वरची मात्र ऊबदार राहते. जड खाली आणि हलकी वर, म्हणजे घुसळण दबते. ती दबणार की उसळणार, हे रिचर्डसन अंक सांगतो. हवामानशास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२० साली मांडलेला हा हिशोब आहे: तापमानाचा थर घुसळण किती दाबतो, त्याला वाऱ्यातला फरक किती चेतवतो याने भागायचं. अंक ०.२५ च्या खाली गेल्याशिवाय असा थर मुळातून अस्थिर होत नाही, हे १९६१ मध्ये माइल्स आणि हॉवर्ड यांनी सिद्ध केलं. माझा अंक ०.६ च्या आसपास यायचा. तरी पहाटे खांबाजवळ लावलेल्या उदबत्तीचा धूर फुटायचाच, म्हणजे घुसळण व्हायचीच.

माझा खांब मामाच्या मोकळ्या प्लॉटवर आहे, किल्ल्याच्या पश्चिम पायथ्याशी, उरवाई घाटीच्या तोंडापासून थोडा लांब. सात मीटरचा बांबू. एक आणि सात मीटरवर तापमानाचे सेन्सर आणि वाटीवाले वाऱ्याचे मापक. सेन्सर आधी बर्फाच्या पाण्यात घालून शून्यावर जुळवून घेतले. एक जण ०.४ अंश जास्त दाखवत होता, आणि इथे फरकालाच सगळी किंमत असल्यामुळे तेवढी चूकही चालत नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, वातकुक्कुट, मात्र एकच होता, शेंड्यावर. चूक तिथेच होती.

गुरुवारी थर्माकोल आणि काडीचा हलका वातकुक्कुट खालीही बसवला. त्या रात्री तीनला मी आणि मामी शाली पांघरून बसलो होतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर उदबत्ती खोचली होती. धूर दोऱ्यासारखा आडवा, सरळ पश्चिमेकडे चाललेला. वर पाहिलं तर शेंड्यावरचा बाण वायव्येकडे तोंड करून! मामी म्हणाल्या, "अगं, खाली वारा किल्ल्याकडून येतोय की."

तेच होतं. टेकडीच्या उतारावरची हवा गार होऊन घाटीतून खाली उतरते आणि काही मीटर जाडीच्या पातळ थरात प्लॉटवरून वाहते. तिच्या डोक्यावरून हिवाळ्यातला नेहमीचा वायव्य वारा जातो. दोन वारे एकमेकांना तिरके घासतात आणि मी आजवर फक्त वेग वजा वेग करत होते.

आकडे बघा. खाली ५.८ अंश, वर ८.२. खाली पूर्वेकडून ०.६ मीटर प्रति सेकंद, वर वायव्येकडून १.५. नुसते वेग वजा केले तर फरक ०.९ आणि अंक ०.६२. दोन्ही वाऱ्यांचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण भाग वेगळे काढून वजाबाकी केली तर फरक जवळपास २, आणि अंक ०.१३! सपाट मैदानात दिशेचा फरक लहान असतो, म्हणून तिथे हा आळस खपून जातो. टेकडीखाली नाही.

थोड्याच वेळात धुराचा दोरा लहरी घ्यायला लागला, लहरी उंच झाल्या, एक दुमडली आणि सगळा धूर विस्कटला. मिनिटभरात खालचा सेन्सर ७.१ वर चढला, वरचा ७.६ पर्यंत उतरला. वरची ऊब खाली आली होती, गालाला जाणवलं. मग पुन्हा शांतता, पुन्हा थर. पाचपर्यंत असं चारदा झालं. दहा मिनिटांच्या सरासरीत यातलं काही दिसलंच नसतं, म्हणून नोंदणी दर सेकंदाचीच ठेवा, मेमरी कार्ड कितीही भरो.

दोनच उंचींवरच्या मापांवरून काढलेला अंक सहा मीटरची सरासरी दाखवतो. प्रत्यक्ष घासणी मधल्या एखाद्या पातळ पट्ट्यात असणार, तिथला अंक वेगळाच असेल. म्हणून पुढच्या आठवड्यात तीन मीटरवर तिसरा संच लावते आहे. सेन्सरच्या झाकणावर दव साचतं आणि झाकण हवेपेक्षाही गार होतं, त्याला छोटा पंखा जोडायचा आहे. खालचा वातकुक्कुट कोणी याहून हलका बनवला असेल तर माप कळवा. अर्ध्या मीटरच्या वाऱ्याला माझा अजून अडखळतो.