कागदाच्या निऱ्या

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज हारांसाठी 62 कागदी फुलं झाली. अंगठ्याचं नख दुखतंय, ग्लू गनने बोट भाजलंय ते वेगळंच, आणि शनिवारी झेलम एक्सप्रेस पकडायचीय.

भाचीचं लग्न लुधियानाला आहे, मुलगा सरदार. त्यांच्यात आनंद कारजच्या, म्हणजे शीख लग्नविधीच्या आधी मिलनी असते, म्हणजे दोन्हीकडचे नातेवाईक जोडीजोडीने भेटतात, बापाला बाप, काकाला काका, मामाला मामा, एकमेकांच्या गळ्यात हार घालायचा, मिठी मारायची आणि जमलं तर समोरच्याला उचलायचं पण. हे कळल्यापासून आमचा दादा, म्हणजे भाचीचा मामा, रोज सकाळी वॉकला जायला लागलाय. तिकडचे मामाजी फोटोत तरी नव्वद किलोच्या आतले वाटत नाहीत.

झेंडूचे हार तिकडे मिळाले असतेच, पण माझ्या डोक्यात तो नोटांचा हार बसला होता, नवरदेवाला घालतात तो, कोऱ्या नोटा पंख्यासारख्या दुमडून ओवलेल्या आणि कडेने चमचमणारी गोट्याची, म्हणजे जरीची किनार. खऱ्या नोटा नकोच म्हणलं, रिझर्व्ह बँक कधीपासून सांगतेय की नोटांचे हार करू नका, पिना मारू नका, शिवाय सात हारांना 30 प्रमाणे 210 नोटा, तेवढ्या कोऱ्या आणणार कुठून. म्हणून नोटेचं नुसतं माप उचललं. नवीन दहाची नोट 123 मिमी लांब आणि 63 मिमी रुंद असते. साधारण एकेक सेंटीमीटरची घडी, एकदा पुढे एकदा मागे, अशा बारा, मग मधोमध दोऱ्याने आवळायचं आणि दोन्ही बाजू उघडल्या की कडा येऊन एकमेकींना चिकटतात, गोल फूल तयार. लांबी रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्तच लागते, नाहीतर मधे फट राहते. मी पहिले पंधरा कागद चौकोनी कापून वाया घालवले तेव्हा हे कळलं.

कागदाचंही तसंच. कार्डशीट घडीवर फुटते, पतंगाचा कागद दुसऱ्या दिवशी मान टाकतो. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडचे रंगीत कागद आणले, केशरी, पिवळा आणि राणी.

आई तासभर नुसती बघत होती, मग म्हणाली, "अगं या निऱ्याच की, इकडे दे." आणि बसली. तिची घडी मोजायला लागत नाही, बोटांनाच माप माहीत आहे, माझं एक होईस्तोवर तिची तीन.

संध्याकाळी मुलाच्या मासीचा व्हिडिओ कॉल आला. मी विचारलं नवरदेव हार घालूनच आत बसणार का, तर नाही, गुरु ग्रंथ साहिबांसमोर बसायच्या आधी पगडीवरचा सेहरा, कलगी सगळं उतरवतात. फोन ठेवल्यावर मी वैतागून म्हणलं, म्हणजे एवढा घाट त्या अर्ध्या तासासाठी? आईने मान वर न करता विचारलं, "मग आपला अंतरपाट किती वेळ असतो?"

पण खरा बॉम्ब मासीने फोन ठेवताना टाकला होता. यावेळी बायकांची पण मिलनी करायची ठरलीय, तीन जोड्या. म्हणजे आणखी 90 फुलं, एकूण 300! मला टेन्शन यायला हवं होतं पण मी आधी हेच विचारलं की मावशीला कोण, तर ती हसायला लागली, "मैं ही तो हूं!" मग म्हणाली माझा हार हिरवा कर, तुमच्यात चुडा हिरवा असतो ना, आमच्यात लाल, तोही मामाकडचाच.

घरात हिरवा कागद एकही नाहीये. झेरॉक्सवाला दहाला उघडतो.