मिरजेहून तंबोरा आणायचाय? आधी हे वाचा

मिरजेला तंबोरा घ्यायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, सकाळी पोचून रात्री तंबोरा घेऊन परत हा प्लॅन करू नका. आमच्या क्लासातल्या एका महाभागाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की महालक्ष्मी एक्सप्रेसने जा, सतारमेकर गल्लीत ओळीने दुकानं आहेत, वाजवून बघ, आवडला की उचल आणि रात्री महालक्ष्मीनेच परत ये. उचल म्हणे! टांगलेले तंबोरे असतात तिथे, नाही असं नाही, पण तुमच्या पट्टीला, म्हणजे तुम्ही ज्या सुरात गाता त्याला, ते तयार नसतात. माझी पट्टी काळी एक (हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून ही नावं), हातात आला तो पांढरी चारच्या हिशोबाचा. मग जवारी (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आणलेली गुंज) परत काढणं आलं, आणि चांगला कारागीर ते घाईत करत नाही. राहायची तयारी ठेवूनच जा.

त्याआधी स्टेशनबाहेर एक जण चिकटला, 'थेट कारखान्यातून देतो' म्हणाला. त्याच्या मागे गेलो तर कोपऱ्यातल्या खोलीत चकचकीत पॉलिश, पांढरी नक्षी, सगळं एकदम झकास. वाजवला तर नुसता पत्र्याचा आवाज. किंमत सांगितली ती मी नंतर गल्लीत ज्याला दिली त्याच्या जवळजवळ दीडपट, वर 'जीआयवाला माल आहे साहेब' हे पालुपद. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं हे खरंच आहे आणि चांगलंच झालं, पण म्हणून कुणीही कुठलाही भोपळा त्या नावावर खपवायचा का? स्टेशनवर कुणाशी बोलूच नका, सरळ गल्लीत जा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला जाऊ नका, फुकट ताटकळाल.

गल्लीत शिरलात की मात्र वेगळंच जग आहे. ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारी. इंग्रजी राज्यात तो धंदा बसला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांमध्ये हात घातला, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, तेव्हापासून पिढ्यानपिढ्या हेच. तंबोऱ्याच्या बुडाचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठचे, कडू जातीचे, खायचे नव्हेत. दांडीला तुणीचं लाकूड. भोपळा घेताना बोटाने वाजवून बघा आणि आतून मोबाईलचा टॉर्च मारा, तडा लाखेने बुजवलेला असला तर बाहेरून पॉलिशखाली कळत नाही. दांडी एका टोकाकडून डोळा लावून बघा, बाक दिसला की ठेवून द्या, मग कितीही स्वस्त देऊ देत.

ज्यांच्याकडून घेतला ते चाचा सत्तरीच्या पुढचे असतील. घोडी मांडीवर घेऊन कानशीने दोन हात मारायचे, फुंकर, परत लावायची, तारा जुळवायच्या, सूत तारेखाली पुढेमागे सरकवायचं, ऐकायचं, मान हलवायची, की पुन्हा काढली घोडी. मधेच चहा आला. मधेच म्हणाले, 'गा की, तुमच्या गळ्यासाठी चाललंय ना हे.' मी आपला षड्ज (सा) लावला. असं बराच वेळ चाललं आणि मग एकदा खर्जाची (खालच्या सा ची) तार छेडल्यावर त्यातून गंधार (ग) असा स्वच्छ वर आला की मी गायचाच थांबलो. चार तारांत गंधाराची तार नाही, तरी तो ऐकू येतो, जवारी नीट लागली असेल तरच. मोबाईलवरच्या तंबोरा ॲपला हे जमत नाही, लिहून घ्या. चाचांची तक्रार तीच, पोरं ॲप लावतात, तंबोरा घेतात ते शोभेला, आणि त्यांचा स्वतःचा नातू या धंद्यात यायला तयार नाही.

उरूस चालू होता म्हणून रात्री मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा असते तिकडे गेलो. खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांची कबर इथेच आहे. गाणी छान झाली, जास्त काय लिहू. उरूस चांद्र कॅलेंडरने येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा मागच्या वर्षीची तारीख बघून रजा टाकू नका. बालगंधर्व 1905 मध्ये हंसप्रभा थिएटरात पहिल्यांदा उभे राहिले ते गावही हेच, आता त्या जागी नाट्यगृह आहे, बाहेरून बघितलं.

आता मुख्य दुखणं, परतीचा प्रवास. महालक्ष्मीचं रिझर्वेशन मिळालं नाही म्हणून खासगी ट्रॅव्हल्स केली. तिकीट सहाशे, आणि डिकीपाशी उभा असलेला पोरगा तंबोऱ्याचे आठशे मागतो! तंबोऱ्याचे! वर 'आडवा टाकू का' विचारतो. भांडून पाचशेवर आणला आणि तरी शेवटी तो मांडीवरच घेऊन बसलो, पुण्यापर्यंत पाय सुन्न. रेल्वेच बरी, पण पुरुषी (मोठ्या) तंबोऱ्याचा भोपळा बर्थखाली जात नाही, वरचा बर्थ घ्या आणि त्याच्याशेजारी अंग चोरून झोपा. गाडी पुण्याला भलत्या वेळी पहाटे पोचते, रिक्षावाले भोपळा बघून भाव लावतात, कुणाला तरी घ्यायला बोलवा.

आणि हे कुणीही सांगत नाही. 'प्रवासात तारा सैल करा' एवढंच सगळे सांगतात. पण तंबोऱ्याची घोडी तारांच्या ताणावरच उभी असते, तारा सैल केल्या की बस हिंदकळली तशी ती सरकते. घरी येऊन कव्हर उघडलं तर घोडी बोटभर बाजूला आणि तो गंधार गायब. दोन दिवस नुसता संताप. म्हणून तारा सैल करण्याआधी घोडीच्या चारही बाजूंनी तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) पेन्सिलची बारीक खूण करून घ्या, मोबाईलवर फोटो काढा, घोडीखाली-वर मऊ फडकं बांधा, आणि सूत तारेखाली कुठे होतं त्याचाही जवळून फोटो घ्या. चाचांना फोन केला तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉलवर घोडी जागेवर आणून दिली, बिचाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत. सुटी सुतं आणि तारांचा एक जादा सेट तिथूनच घ्या, खर्जाची तार खास करून. तंबोरा ठेवायची फायबरची पेटी महाग वाटेल, तरी घ्या. त्यात घासाघीस करत बसू नका, ती करायची तर डिकीवाल्याशी करा.